बोअरनं प्यालेलं औषध

आमच्या गावात माणूस किती मोठा, हे त्याच्या बोअरवरून ठरतं. शिक्षण, नोकरी, चारचाकी या गोष्टी नंतर येतात. ताडकळसच्या बाजारात आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, ओळख करून देताना लोक म्हणायचे, "ह्यांच्या बोअरला नारळासारखं पानी हाय." त्यावर आबा मान खाली घालून असे लाजायचे, की जणू खडकाखाली उतरून ते पाणी त्यांनी स्वतः गोड करून ठेवलंय.

बोअर घराच्या मागे, आबा आणि काका या दोघा भावांच्या बांधावर आहे. वाटणी झाली तेव्हा जमीन वाटली, बैल वाटले, देवघरातले टाकसुद्धा वाटले. पाणी तेवढं वाटता येईना, म्हणून ते सामायिक राहिलं, आणि त्यापायी दोघे भाऊ एकमेकांशी बोलतेही राहिले. आमच्या आळीतल्या बायका पिण्याचं पाणी इथूनच नेत. आबा कुणाला नाही म्हणत नसत. दानशूर माणसाला गर्दी लागतेच.

त्या साली ताई बाळंतपणाला माहेरी आली. ती सेलूला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा असा कायदा आहे जो कुणी मोडत नाही, कारण तो कुठे लिहिलेलाच नाही. सेलूचं पाणी खारट, चहा फाटतो, डाळ शिजत नाही, असं ताई लग्न झाल्यापासून सांगत होती. आल्या आल्या तिनं पिशवी ओट्यावर टाकली आणि उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायली.

"बस की, बाई, बसून पी," माय म्हणाली.

"ह्याच्यासाठीच आले मी. तुमच्यासाठी कोन आलंय?" ताई म्हणाली, आणि आबा दिवसभर तेच वाक्य येईल त्याला सांगत राहिले.

आता थोडं पत्रकांबद्दल. आबा तरुणपणी चळवळीत होते. घरात धान्याच्या कणगीशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मी अक्षरं शिकले ती त्यांच्यावरच. 'निषेध' हा शब्द मला 'नमस्कार'च्या आधी लिहिता येऊ लागला. या पत्रकांमधला शत्रू फार सोयीचा होता. तो दिल्लीत राहायचा, मुंबईत राहायचा, फार जवळ आला तर परभणीच्या एखाद्या कार्यालयात बसायचा. शत्रू आपल्याच बांधावर सापडला, असं एकही पत्रक आमच्या गठ्ठ्यात नव्हतं. कॉलेजात गेल्यावर मीही तशीच पत्रकं लिहू लागले. घराणं चालवायला पाहिजेच.

काकांचा ऊस होता. उसात तण होतं. पूर्वी आळीतल्या बायका खुरपायला जायच्या. नंतर कृषी केंद्रात बाटली मिळू लागली आणि बायकांना घरी बसायचं सुख लाभलं. त्या सुखात चूल कशी पेटायची, हे बाटलीवर छापलेलं नव्हतं. बाटलीला सगळे 'गवताचं औषध' म्हणत. औषधच ते. म्हणून काका ती बाटली घरातल्या कोनाड्यात, खोकल्याच्या बाटलीला लागून ठेवायचे, आणि काकूनं आवाज चढवला की म्हणायचे, "झाकन लावलंय ना? मग!"

फवारणीचं पाणी तयार करायची काकांची खास पद्धत होती. तिचा त्यांना एवढा अभिमान, की विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना येऊन बघायला सांगा, असं ते मला म्हणत. आमच्याकडे शेतीची लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. ती कधी येईल आणि कधी जाईल हे तिला स्वतःलाही माहीत नसतं. म्हणून मोटारीला ऑटो बसवलेला. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. काका बोअरजवळ प्लॅस्टिकचा मोठा ड्रम ठेवायचे, त्यात आधी औषध ओतायचे आणि बोअरचा पाईप ड्रमच्या तळापर्यंत सोडून घरी यायचे.

"तळाला पाईप पाहिजे," ते समजावायचे. "पान्याच्या जोरानं औषध आपसूक ढवळतंय. हात लावायचं काम न्हाई. औषधाला हात लावू नये, लय वाईट असतंय."

एवढी काळजी घेणारा माणूस आमच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

मग एक दिवस काकांचं औषध चोरीला गेलं. सकाळी ड्रम अर्धा भरलेला त्यांनी पाहिला होता. दुपारी जाऊन बघतात तर तळाशी पांढरट ओल तेवढी राहिलेली. काकांनी ड्रम उलटा करून पाहिला, भोक शोधलं, सापडलं नाही. चारच दिवसांत पुन्हा तसंच झालं. गावात सोन्याची चोरी झाली असती तर एवढी चर्चा झाली नसती. तणनाशकाचा चोर! काकांचा संशय उगवतीकडच्या शेजाऱ्यावर होता, कारण त्याच्याशी त्यांचं आधीपासूनच पटत नव्हतं. संशयाला एवढा पुरावा आमच्याकडे पुष्कळ होतो.

त्यातच आबांचा कापूस वाकडा झाला. पावसानं ताण दिला होता, म्हणून आबा बोअरच्या पाण्यावर कापूस जगवत होते. एका सकाळी बघतात, तर शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरलेली, पिळवटलेली. हे लक्षण आमच्या भागात शाळकरी पोरालाही कळतं. उसातलं औषध वाऱ्यानं कापसावर आलं की पानं अशी होतात. कापूस फार नाजूक. त्याला जरा वास लागला तरी तो तोंड वाकडं करतो. माणूस तसं करत नाही, म्हणून माणसाची कुणी पाहणी करत नाही.

कापसाची मात्र लगेच झाली. जाणती मंडळी बांधावर जमली. शेजाऱ्याला बोलावलं. वाकड्या पानांचे फोटो निघाले. मी सुट्टीला घरी आलेली होते आणि मनातल्या मनात पत्रकाचा मथळाही लिहून झाला होता.

"आमचं औषध बी तूच नेलंस, अन् आमच्याच कापसावर बी तूच मारलंस," काका शेजाऱ्याला म्हणाले.

"आरं, औषध नेलं असतं तर माझ्या बांधा-धुऱ्यावर एवढं गवत राहिलं असतं का?" शेजारी म्हणाला. "बग की जाऊन. म्हैस घुसली तर दिसायची न्हाई."

"मग वारं कुनीकडून होतं त्या दिवशी?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"वाऱ्याला काय बिल्ला हाय का गळ्यात?" शेजारी म्हणाला.

"न्हाई, पन त्यानं यायचं तर कुनाच्या तरी रानातूनच यायला लागतंय."

असा मामला रंगात आला होता, तेवढ्यात ताई आली. चालताना तिला दम लागत होता. एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात दोडक्याच्या वेलाचा शेंडा. तो तिनं आबांसमोर धरला. शेंडा दोरीसारखा पिळला होता, पानं आखडून वाटीसारखी झाली होती.

"आबा, ह्याला कोनतं वारं लागलं?" ती म्हणाली. "हा न्हाणीमागचा वेल हाय. मागं भिंत, म्होरं न्हाणी, वर पत्रा. तिथं आपल्याला वारं लागत न्हाई, तर ह्याला कुठून लागंल?"

"पानी कोन घालतं त्याला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मीच. ह्याच बोअरचं."

कुणी काही बोलायच्या आत लाइट गेली. मोटार थांबली. काकांचा ड्रम तिथंच होता. भांडण असलं तरी फवारणीची पाळी चुकवणारे ते नव्हेत, म्हणून त्यांनी सकाळीच औषध ओतून पाईप सोडला होता. ड्रम ताकासारख्या पांढऱ्या पाण्यानं भरत आला होता. मोटार बंद पडली तशी पाईपमधून गुळगुळ आवाज आला, आणि आम्हा सगळ्यांच्या देखत ड्रममधलं पाणी खाली जाऊ लागलं. ड्रमच्या आतल्या अंगाला पांढरी रेघ उरत होती आणि पाणी तिच्याखाली, तिच्याखाली. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाहुण्याला ताक आवडलं तर तो कसा एका दमात पितो, तसं बोअर पीत होती. शेवटी पाईपच्या तोंडाशी सुर्र आवाज झाला आणि ड्रम मोकळा झाला.

सगळ्यात आधी काका बोलले. "म्हनजे चोरी न्हाई झाली," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं.

"झडप?" शेजाऱ्यानं आबांना विचारलं. "पान्याला माघारी येऊ देत न्हाई ती झडप कुठं हाय पाईपची?"

ती झडप आबांनीच काढून टाकायला लावली होती. झडप असली की पाईपमध्ये पाणी भरून राहतं आणि मोटार दुरुस्तीला वर ओढायच्या वेळी पाईप जड लागतो. ती नसली की पाणी आपलं आपण खाली उतरतं, पाईप हलका, काम सोपं. आमच्याकडे बहुतेक बोअरची झडप याच कारणानं काढतात. एकानं काढली की दुसऱ्याला ती ठेवणं अडाणीपणाचं वाटतं.

ताईनं हातातला तांब्या बांधावर पालथा केला. वाटेत ती त्यातलं अर्धं पाणी प्यायली होती.

दुसऱ्या दिवशी मी पाण्याची बाटली घेऊन परभणीला गेले. सरकारी पाणी-तपासणीच्या खिडकीतले गृहस्थ सभ्य होते.

"काय तपासायचंय?"

"गवताचं औषध."

"ते आपल्याकडे होत नाही."

"मग काय होतं?"

"क्षार होतात. फ्लोराइड होतं. जंतू होतात."

जे होत होतं ते त्यांनी केलं आणि 'पिण्यास योग्य' असा कागद दिला. घरात साप शिरला म्हणून कुणाला बोलवावं, आणि त्यानं झुरळं नाहीत हे पाहून घर सुरक्षित असल्याचं लिहून द्यावं, तसं झालं. कागद देताना ते खिडकीतून जरा पुढे वाकले. "मॅडम, तुम्ही म्हणता तसं असेल तर हे पाणी पिऊ नका हं."

"मग योग्य कसं लिहिलंत?"

"मी जे बघितलं, त्यात योग्य आहे."

त्यांची चूक नव्हती. माणसानं जेवढं बघायचं ठरवलंय तेवढंच बघावं, यावर तर आपला अख्खा कारभार चाललाय.

येताना कृषी केंद्रात गेले. दुकानदार काकांचे ओळखीचे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि शाळेतल्या मुलीला समजावतात तसं समजावलं. "हे औषध रुंद पानाच्या तनालाच लागतंय बगा. उसाला कायबी करत न्हाई. लय हुशार औषध हाय."

"अन् मानसाला?"

"मानसाला कुठं पान असतंय?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं हसली. मलाही हसू आलं. मग दुकानदारांनी उठून मागच्या निळ्या जारमधलं फिल्टरचं पाणी काढून मला दिलं. घरीही ते हेच पितात म्हणाले. बोअरचं त्यांना पचत नाही.

मी आणलेला कागद आबांनी दोन्ही हातांनी घेतला. ज्या सरकारच्या एकाही शब्दावर त्यांनी आयुष्यात विश्वास ठेवला नव्हता, त्याचे हे दोन शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचले. काकांनी तर ते मोठ्यानं वाचून दाखवले.

"मग काका, तुमीच प्या पयल्यांदा," ताई म्हणाली आणि तिनं भरलेला तांब्या त्यांच्यापुढे ठेवला.

"मला आत्ता तहान न्हाई," काका म्हणाले. त्यानंतर आमच्या घरी त्यांना तहान कधी लागलीच नाही.

आबांनी मधला मार्ग काढला. ताईसाठी रोज जार आणायचा आणि आळीतल्या बायकांना सांगायचं की मोटार जळाली. खोटं बोलायचं नाही म्हणून जन्मभर लोकांशी भांडलेल्या माणसाला हे खोटं फार जड गेलं असेल असं मला वाटत होतं. पण ते सहज म्हणाले, "मोटार जळाली, बाई, दुसरीकडून बगा." अडचण एवढीच, की जळालेली मोटार काकांचा ऊस रोज भिजवत होती. बायकांना डोळे होते. त्यांनी उसाच्या पाटातून घागरी भरायला सुरुवात केली. मोटार जळाल्यावरही पाणी देणारी बोअर म्हटल्यावर आबांची कीर्ती उलट वाढलीच.

ताई हे ओट्यावर बसून बघत होती. आठवड्याभरानं एका दुपारी, जेवणं झाल्यावर, ती म्हणाली, "मी सेलूला जाते. तिकडंच बाळंत होते."

मायच्या हातातलं भांडं खाली पडलं. "पहिलटकरीन पोर माहेराहून माघारी धाडायची? लोक काय म्हनतील? खायला घालायला नव्हतं म्हनतील!"

"जार हाय ना तुला?" आबा म्हणाले. "मग कामून जायलीस?"

"जार मला हाय, आबा. ती पल्याडची, तिचं लेकरू अजून अंगावर पितंय. ती रोज पाटातून घागर भरायलीय. मी इथं ओट्यावर बसून तिच्या देखत जारचं पिऊ?"

"तिला सांगू की हळूहळू."

"कवा? माझं झाल्यावर?"

मी मध्येच म्हणाले की मी पत्रक काढते. मजकूर तयार आहे, परभणीला छापून आणते, घरोघर वाटते. ताईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता. छोट्या बहिणीनं कोरडी भाकरी वाढली तर मोठी बहीण जसं बघते, तसं तिनं पाहिलं.

"तुजं पत्रक कोन वाचंल? कोपऱ्यात पडंल. मी पोट घिऊन फाटकातून बाहेर पडले, तर आख्ख्या गावाला दिसंल. कामून चालली, हे समदे इचारतील. मग आबाला सांगावंच लागंल." मग ती आबांकडे वळली. "पयले तिकडं फोन लावा. अन् डॉक्टरनं बोलावलं असलं काही सांगू नका. खरं सांगा."

आबांनी फोन लावला. आम्ही सगळे बसलो होतो. एरवी सभेत बोलायला उभे राहिले की माइक ओरडायचा असे आमचे आबा, ते फोन तोंडाशी धरून अगदी हळू बोलले.

"व्याही, आमचं पानी बिघडलंय," ते म्हणाले.

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"न्हाई, आपोआप न्हाई. आमीच बिघडवलं. औषध गेलंय बोअरमध्ये. पोरीला तिकडं धाडावं म्हनतो." पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेला. मग ताईच्या सासूबाईंचा आवाज फोनमधून आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आमचं खारट हाय म्हनून नावं ठिवत होती की! तिला म्हना, आता खारटच गोड लागंल. धाडा, धाडा. गाडी नीट करा, खड्डे लय हायेत."

ताई हसली आणि पिशवी भरायला उठली.

ती म्हणाली होती तसंच झालं. गाडी दारात उभी राहिली तशी आळी गोळा झाली. "कामून चालली गं? भांडन झालं का? वहिनी, काय झालं?" "आबाला इचारा," एवढंच म्हणून ताई गाडीत बसली, आणि गाडी गेली.

सगळे आबांकडे बघत होते. आबांनी सांगितलं. ड्रमचं सांगितलं, झडपेचं सांगितलं, मोटार जळाली नव्हती हेही सांगितलं. काका कधी निघून गेले ते कुणाला कळलं नाही. काही बायका हसल्या. "इतके दिस पितोय, काय झालं?" असंही कुणी म्हणालं. ती पल्याडची बाई मात्र हसली नाही. तिच्या कडेवर लेकरू होतं आणि दुसऱ्या हातात घागर.

"तुमाला हे म्हाईत होतं?" तिनं विचारलं. "मी पाटात वाकून भरत होते तवा?"

"व्हय," आबा म्हणाले.

तिनं घागर त्यांच्या पायाशी ठेवली. "मग आता तुमीच भरून आना. कुठून आनायचं ते तुमी बगा." आणि ती घरी गेली.

ताई सेलूला बाळंत झाली. मुलगी. दोघी बऱ्या आहेत. किती बऱ्या, हे सांगणारी तपासणी आमच्या जिल्ह्यात होत नाही, म्हणून आम्ही बऱ्याच म्हणतो.

आबा अजूनही रोज सकाळी आळीतल्या घागरी मोटारसायकलला बांधतात आणि गावाच्या टाकीवरून भरून आणतात. लोक आता ताडकळसच्या बाजारात त्यांची ओळख करून देत नाहीत. टाकीत पाणी येतं ते पलीकडच्या शिवारातल्या बोअरचं. मी मागच्या महिन्यात तिकडे चालत गेले. चांगली बोअर आहे, ऑटो बसवलेला आहे, चारी बाजूंनी ऊस आहे. तिच्याजवळ एक निळा ड्रम ठेवला होता, आणि पाईप त्याच्या तळापर्यंत सोडलेला होता.